मुंग्या लागलेली डबी

संशोधन संस्थेत तिला सगळे नक्कलबाई म्हणत. तिला त्याचं वाईट वाटत नसे. कोणी नवखा माणूस तिचं खरं नाव घेऊन चौकशी करत आला, तर फाटकावरचा पहारेकरी बेधडक सांगे की अशी कोणी इथे कामाला नाही. खोटी औषधं बनवणं हे तिचं काम होतं. असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या भुवया वर जात, आणि त्या वर गेलेल्या बघायला तिला मनापासून आवडे. भुवया जागेवर आल्या की मग ती समजावून सांगायला घेई.

संस्थेचं काम साधं होतं, निदान सांगायला तरी. लोक पिढ्यानपिढ्या जी झाडंपानं औषध म्हणून वापरत आले, त्यांत खरोखर गुण आहे की नुसतीच ख्याती, हे तपासायचं. त्यासाठी निम्म्या रुग्णांना खरं औषध द्यायचं आणि निम्म्यांना हुबेहूब तसंच दिसणारं, पण आत औषधाचा अंशही नसलेलं. कोणाला काय मिळालं हे रुग्णाला ठाऊक नाही, पट्टी बांधणाऱ्या नर्सला नाही आणि जखम मोजणाऱ्या डॉक्टरलाही नाही. माणसाचं मन मोठं लबाड. औषध लावलं एवढ्यानेच त्याला बरं वाटू लागतं, आणि देणाऱ्याला ते अधिकच बरं झाल्यासारखं दिसतं. हे मन हिशेबातून वजा करायचं, तर नक्कल अशी हवी की करणाऱ्यानेही फसावं.

नक्कलबाईची खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला होती. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसे. पत्र्याचं टेबल, दगडी खल, काचेच्या पेटीत ठेवलेला नाजूक तराजू, रंगांच्या बाटल्या, वासांच्या कुप्या. नवी नक्कल तयार झाली की ती दोन डब्या शेजारी शेजारी मांडून येईल-जाईल त्याला थांबवायची. ओळखून दाखवा, चुकलात तर चहा तुमच्याकडून. संस्थेत बरीच वर्षं ती फुकटचा चहा प्यायली.

हा हात तिला वडिलांकडून आला होता. वडील गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्यात पाकाच्या कढईवर होते. अंगठा आणि बोट यांच्यात पाकाचा थेंब धरायचा, बोटं हळूच लांब करायची आणि तार किती येते ते बघायचं; यंत्र आलं तरी मालक त्यांच्याच बोटांना विचारत. आई लवकर गेली. वडील दिवसभर कढईवर, मागे घर सांभाळलं ते थोरल्या बहिणीने, ताईने. ताईने शाळा सोडली आणि धाकटीची सुटू दिली नाही. पुढे ताईने इस्त्रीचं दुकान काढलं. लग्न, नवऱ्याचं जाणं, सगळं त्या दुकानाच्या आगेमागे झालं. ताई मात्र टेबलाशी उभी ती उभीच. धाकटीचा पांढरा एप्रन दर आठवड्याला तिच्या हातून कडक होऊन येई. त्याच्या घड्या अशा की संस्थेतले लोक विचारत, बाई, हा नवा घेतला का.

तर एका वर्षी मॅडमनी जखमेच्या पाल्याची चाचणी हातात घेतली.

मॅडम म्हणजे संस्थेतल्या ज्येष्ठ संशोधक. बोलणं मोजकं, चष्मा कायम कपाळावर, आणि तोच शोधत फिरण्याची सवय. शेताच्या कडेला उगवणारं, खरखरीत पानांचं एक झुडूप होतं. जुनी माणसं त्याची पानं वाटून चिघळलेल्या जखमेवर थापायची. मॅडम त्या झुडपाच्या मागे इतकी वर्षं होत्या की लोक गमतीने म्हणत, मॅडमना घाम आला तरी हिरवा येईल. प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटल्यांवर पाल्याने जंतू मारून दाखवले होते. आता माणसांच्या जखमांवर काय होतं ते बघायचं होतं. जुन्या, भरून न येणाऱ्या, पायावरच्या जखमा निवडल्या. नक्कलबाईने खरा लेप आणि खोटा लेप दोन्ही करायचे, डब्या भरायच्या, आणि संस्थेच्या आकडेतज्ज्ञाने, म्हणजे सगळ्यांच्या आकडेभाऊंनी, त्यांवर फक्त क्रमांक चिकटवून यादी स्वतःच्या कपाटात कुलूपबंद करायची.

पहिली नक्कल फसली. रंग जुळला, वास जुळला, पण तिने ग्लिसरीन वापरलं होतं आणि तो लेप जखमेवरून घसरे. खरा चिकटून बसे. नर्सनी पहिल्याच फेरीत ‘चिकटा’ आणि ‘घसरा’ अशी नावं पाडली आणि मॅडमनी सगळं थांबवलं. नक्कलबाईला हा अपमान वाटला. चहा तर सोडाच, ती चार दिवस कोणाच्या टेबलाकडे फिरकली नाही. मग तिला वडिलांची कढई आठवली. साखरेचा घट्ट पाक, नेमक्या तारेचा, त्यात मक्याचं पीठ, हिरवा रंग, किंचित तपकिरी, कापलेल्या गवताचा वास. अंगठ्यावर घेतला तर खऱ्यासारखाच ओढ देत सुटे. मॅडमनी घटकांचा कागद वाचला, साखरेपाशी क्षणभरही न थांबता सही केली. साखर म्हणजे काय, साखरच. साखरेकडे औषध म्हणून बघणारं त्या खोलीत कोणी नव्हतं. नर्सनी या वेळी हात टेकले. त्यांना कोणता कोणता कळेना. नक्कलबाई एवढी खूश झाली की स्वतःच सगळ्यांना चहा पाजला.

चाचणी सुरू झाल्यावर थोड्या दिवसांनी ती सकाळी एप्रन द्यायला ताईच्या दुकानात गेली. ताई स्टुलावर पाय ठेवून पट्टी बदलत होती. घोट्याच्या वर जखम होती. उभं राहून राहून शिरा फुगल्या होत्या, त्यातून कधीतरी चामडी फुटली आणि मग भरलीच नाही. ही गोष्ट धाकटीला ठाऊक होती. तिला ठाऊक नव्हतं ते शेजारच्या फळीवर होतं. संस्थेची पांढरी डबी, वर आकडेभाऊंच्या अक्षरातला क्रमांक.

ताई सहज म्हणाली की दवाखान्यातल्या डॉक्टरने विचारलं, नव्या लेपाच्या चाचणीत येता का, आणि ती हो म्हणाली. तिथे कामाला असलेलं कोणी नात्याचं आहे का असंही विचारलं होतं. ताईने नाही म्हणून सांगितलं, कारण हो म्हटलं असतं तर घेतलं नसतं. यात खोटं ते काय, असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

धाकटीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती डबीकडे बघत होती. झाकणाच्या कडेभोवती मुंग्यांची रांग लागली होती. खरा पाला कडू जहर, त्याच्या वाटेला मुंगी जाणार नाही. मुंग्या जातील त्या एकाच लेपाकडे, आणि तो कोणी केला होता हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार. आपल्या आईच्या जागी असलेल्या बहिणीच्या पायाला आपण स्वतःच्या हाताने केलेलं काहीच-नाही लागतंय, हे तिला फळीसमोर उभ्या उभ्या कळलं.

नियम साफ होता. चाचणीतल्या कोणाची डबी ओळखू आली, तर त्याच दिवशी मॅडमना सांगायचं. सांगितलं की ताई चाचणीतून बाहेर. पण मग प्रश्न येणार, बाई, तुम्हाला ओळखू कशी आली? उत्तर एकच, मुंग्यांवरून. म्हणजे नक्कल उघडी पडते, कोणाच्याही घरी पडू शकते, म्हणजे पुन्हा सगळं थांबणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिने मनाशी म्हटलं, पट्टी स्वच्छ आहे, दवाखान्यात दर आठवड्याला बघतात, जखम बिघडली तर ते स्वतःच ताईला बाहेर काढतील. हे सगळं खरं होतं. पण तिला वाचवायची होती ती आपली नक्कल, हेही तितकंच खरं होतं, आणि ते तिने मनाशी म्हटलं नाही.

तिने ताटली घेतली, तिच्यात पाणी ओतलं आणि डबी मधोमध ठेवली. मुंग्या काठाशी येऊन परत फिरल्या.

“हे बरं केलंस,” ताई म्हणाली. “माझ्या डोक्यातच आलं नाही.”

पुढचे आठवडे नक्कलबाईचे वाईट गेले. एप्रन द्यायला जायची ती पायाकडे न बघता, आणि आणायला जायची ती नुसती पायाकडे बघत. तिला जेवण गोड लागेना. स्वप्नात जखम वाढलेली दिसे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि बुक्क्या मारणारीही तीच.

आणि जखम भरू लागली. आधी कडा गुलाबी झाल्या, मग तळ वर आला, मग एक दिवस ताईने पट्टी काढली तर खाली कोवळी, चकाकती कातडी. ताईने सगळ्या गिऱ्हाइकांना पाय दाखवला. एका बाईने तर शर्ट द्यायचे सोडून खाली वाकून निरखून बघितला. नक्कलबाईला रडू आलं. घरी जाताना मात्र ती हिशेब करत राहिली. ताई बरी झाली याचा तिला आनंद होता, पण नक्कल करणारीच्या दृष्टीने ही गोष्ट बरी नव्हती. खोट्या लेपाने कोणी इतकं बरं होत नसतं. शेवटी योगायोग म्हणून तिने तो विषय मिटवला.

चाचणी संपली तेव्हा आकडेभाऊंनी कपाट उघडलं. मॅडमच्या खोलीत सगळे जमले. आकडेभाऊ आनंदाची बातमीही दशांश चिन्हासकट सांगणारे गृहस्थ, त्यामुळे त्यांच्या सुरावरून काही कळेना. खऱ्या लेपाच्या आणि खोट्या लेपाच्या जखमा सारख्याच वेगाने भरल्या होत्या. फरक नाही.

मॅडमनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणून कागद पुन्हा वाचला. मग म्हणाल्या की पाल्यात काही नाही असं लिहावं लागेल. दोन्हीकडच्या जखमा एरवीपेक्षा लवकर भरल्यात खऱ्या, पण त्याचं श्रेय नर्सनी राखलेल्या स्वच्छतेला. नर्स लाजून हसल्या. इतक्या वर्षांचं काम मॅडमनी एका वाक्यात गुंडाळलं आणि कोणाला तरी खिडकी उघडायला सांगितली.

नक्कलबाईच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते तिला नंतर कितीतरी दिवस लाजवत राहिलं. तिला अभिमान वाटला. नक्कल अस्सलाच्या बरोबरीला उतरली. आणि दुसऱ्याच क्षणी तिला ताईचा पाय आठवला.

संध्याकाळी ती दुकानात गेली. ताई शेवटचे कपडे बांधत होती. धाकटीचा चेहरा बघून तिने काय झालं ते विचारलं. धाकटी म्हणाली, काही नाही, चाचणी संपली. ताईने बरा झालेला पाय पुढे केला, त्याच्यावरून कौतुकाने हात फिरवला आणि हसली.

“तुझं ते औषध गोड होतं, माहीत आहे? बोटाला लागलेलं एकदा चुकून चाटलं. बाबांचीच आठवण आली. कारखान्यात कोणाचं बोट कापलं की बाबा काय करायचे, सांग. साखर दाबून बसवायचे आणि वर चिंधी. म्हणायचे, पाकात घातलेलं फळ नासत नाही, मग बोट कसं नासेल?”

धाकटी खाली बसली. तिला आठवलं. चिंधी, चिंधीतून झिरपणारा पाक आणि वडिलांचा तो हसरा आवाज, सगळं आठवलं. घट्ट पाकात जंतू वाढत नाहीत. साखर जखमेतलं पाणी ओढून घेते आणि ती स्वच्छ ठेवते. संस्थेतल्या कोणाही पोराने हे सांगितलं असतं, फक्त कोणी विचारायला हवं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पाला खोटा ठरला नव्हता. त्याची तुलनाच दुसऱ्या एका औषधाशी झाली होती, आणि ते औषध तिने नक्कल म्हणून डब्यांत भरलं होतं. ऊस तरी काय, झाडच की.

ती गप्प राहिली असती तर कोणाला काही कळलं नसतं. तिचं नाव संस्थेत होतं तसंच राहिलं असतं. फक्त तो पाला कायमचा बाद झाला असता आणि मॅडमची वर्षं त्याच्याबरोबर. सकाळी ती मॅडमच्या दारात त्यांच्याही आधी उभी होती.

तिने साखरेचं सांगितलं. मग ताईचं सांगितलं, मुंग्यांचं सांगितलं, आणि पाण्याच्या ताटलीचंही.

“साखरेवर सही माझी आहे,” मॅडम म्हणाल्या. “ती चूक आपली दोघींची. पण मुंग्या तुम्ही पहिल्या दिवशी बघितल्यात, बाई. ते तुमचं एकटीचं.”

नक्कलबाईने मान हलवली. मॅडम ओरडल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं.

पुढचं सगळं रीतसर झालं. ताईचा क्रमांक आकड्यांतून काढून टाकला. नवी चाचणी ठरली, तीन डब्यांची: पाला, साखर आणि तिसरी निव्वळ पोकळ. तिसरी करायला बाहेरून माणूस आला, आणि नक्कलबाईला नकलेच्या टेबलावरून हलवून पाला निवडायच्या आणि वाटायच्या कामावर बसवलं. तिने कुरकुर केली नाही. बाहेरच्या माणसाची नक्कल तिला बेताची वाटली, पण हे ती कोणाला बोलली नाही. मोठा संयम लागला.

ताईला सांगायचं मात्र राहिलं होतं. मॅडमना सांगणं परवडलं, असं तिला दुकानाच्या पायरीवर वाटलं. ताई इस्त्री चालवत होती. धाकटीने सुरुवातीपासून सांगितलं, की तुझ्या डबीत पाला नव्हताच, साखर होती, ती मीच केली होती, आणि मला ते मुंग्या बघितल्या त्या सकाळीच कळलं होतं. ताईने इस्त्री उभी करून ठेवली.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली. प्रश्न नव्हता.

“हो.”

“आणि तू ताटलीत पाणी ओतलंस.”

ताईने फळीवरचा घडी केलेला एप्रन काढून तिच्या हातात दिला आणि दुसरा, चुरगळलेला, घेतला नाही. गिऱ्हाईक आलं होतं, ती त्याच्याकडे वळली.

त्यानंतर बरेच आठवडे नक्कलबाई घरीच इस्त्री करायची. कॉलर बसायची नाही, बाहीवर दुहेरी घडी पडायची. संस्थेत सगळ्यांना ते दिसत होतं आणि कोणी विचारत नव्हतं. ती दर आठवड्याला एप्रन घेऊन दुकानासमोरून जाई. ताई वर बघे, पायाचं विचारलं तर बरा आहे म्हणे, पण हात पुढे करत नसे. रागावून बोलणं ताईला येत होतं, त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. न बोलणं तिला येतं, हे मात्र धाकटीला नव्यानेच कळलं.

नव्या चाचणीचे आकडे आले. पोकळ डबीपेक्षा पाल्याने जखमा लवकर भरल्या. साखरेनेही भरल्या, पाल्याच्या थोड्या मागे. मॅडमनी या वेळी कागद दोनदा वाचला, मग चष्मा कपाळावर सरकवला आणि लगेच तोच शोधू लागल्या. त्या दिवशी चहा आकडेभाऊंनी पाजला, असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

नक्कलबाईला हे सांगावंसं वाटलं असं एकच माणूस होतं. ती तशीच दुकानात गेली. ताईने सगळं ऐकून घेतलं. बाबांच्या साखरेचा नंबर दुसरा आला हे ऐकून तिच्या ओठाचा कोपरा किंचित हललाही. मग ती म्हणाली,

“पाय बरा झाला म्हणून तू सुटलीस. नसता झाला तर? आणखी किती दिवस बघत बसली असतीस?”

धाकटीने या प्रश्नाची उत्तरं कितीतरी वेळा तयार केली होती. दवाखान्यात बघत होते, बिघडलं असतं तर काढलं असतं, मी दुसऱ्या आठवड्यात सांगणारच होते. सगळी छान होती, रंग जुळलेला, वास जुळलेला. तिने त्यातलं एकही दिलं नाही.

“माहीत नाही, ताई,” ती म्हणाली. “कदाचित बसले असते.”

ताई दुखावलेली होती, आणि ते दुखणं या उत्तराने काही कमी झालं नाही. पण तिने हात पुढे केला. धाकटीच्या अंगातला एप्रन उतरवून घेतला, टेबलावर पसरला, पाण्याचा शिपका मारला.

“काय ही कॉलर,” ताई म्हणाली आणि इस्त्री फिरवू लागली.